कलम सोळा आणि आमची खोली

आमच्या मंडळात पत्रक लिहायला शिकवत. स्टेशनच्या पुलाचा जिना उतरणाऱ्या माणसाला पहिली ओळ न थांबता वाचता आली पाहिजे. एका वाक्यात एकच गोष्ट. 'परंतु', 'तथापि', 'एका अर्थी' हे शब्द सरळ खोडायचे, कारण परंतु आला की वाचणारा पत्रकाची पुडी करतो. शिकवणारे गृहस्थ स्वातंत्र्याआधी तुरुंगात जाऊन आले होते आणि त्यांचं अक्षर इतकं भिकार होतं की त्यांचा मजकूर मलाच साफ लिहून काढावा लागे. त्यांच्या हाताखाली मी तीन वर्षं काढली. पुढे मराठी राज्याची चळवळ पेटली आणि मंडळातले सगळे तिकडे गेले. जायलाच हवं होतं. पण माझ्या हातात तोवर घटना पडली होती आणि ती खाली ठेववेना. घाटकोपरात घटनेवर पत्रक काढणारी मी एकटी उरले. एकटी म्हणजे लिहिणारी, छापून घेणारी, घड्या घालणारी आणि वाटणारीही.

दिवसा मी स्टेशनजवळच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासत असे. लग्नपत्रिका, औषधांची लेबलं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. कापून उरलेल्या कागदावर मालक माझं चारपानी पत्रक छापून देत. मुद्रकाचं नाव कायद्यानं घालावंच लागतं म्हणून घालायचं, पण सर्वांत बारीक टायपात, एवढीच त्यांची अट. माझ्या नजरेतून वेलांटी सुटत नाही असं ते गिऱ्हाइकांना सांगत. मला त्याचा फार अभिमान होता.

पत्रकात मी हायकोर्टांच्या निकालांबद्दल लिही. घटना नवी होती, न्यायाधीश जुने होते. कालपर्यंत ज्यांनी राजाच्या नावानं निकाल दिले त्यांनाच आता समानता म्हणजे काय ते ठरवायचं होतं. कुणाला सुनावणीशिवाय कामावरून काढलं, कुणाला सभेची परवानगी नाकारली, कुणाचं दुकान बंद केलं, अशी माणसं कोर्टात जात होती आणि कोर्टं कधी सरकारचे कान धरत होती, कधी माणसांचे. आणि हे सगळं इंग्रजीत, जाड अंकांत, वकिलांच्या कपाटात. ज्यांच्या आयुष्याबद्दल निकाल, त्यांना त्याचा पत्ता नाही. मला याचा संताप येई. अजून येतो.

ते कपाट मला उघडून दिलं एका म्हाताऱ्या वकिलांनी. त्यांचं बैठं घर स्टेशनच्या पश्चिमेला होतं, पुढच्या पडवीत कचेरी. निकालांचा मासिक अंक त्यांच्याकडे टपालानं येई. शनिवारी छापखाना लवकर सुटे, मग मी तिथे जाऊन बसायची. ते आत जेवायला आणि वामकुक्षीला जात, उठले की कपाटाला कुलूप. मधल्या तासा-दीड तासात जे हाती लागेल ते मी वहीत उतरवून घ्यायची. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "निकालाच्या डोक्यावर बारीक अक्षरात सारांश असतो ना, तो संपादकाचा. त्यावर विसंबू नकोस. मूळ निकाल वाच." मी तो उपदेश जरा जास्तच मनावर घेतला. सारांशाकडे बघायचंच सोडून दिलं.

मी राहायची बैठ्या चाळीत, पत्र्याखाली, एका खोलीत आम्ही दोघी. दुसरी माझी मैत्रीण. ती एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होती. कोणत्या ते लिहीत नाही. दोन बिनलग्नाच्या मुलींना खोली द्यायला कुणी तयार नव्हतं, शेवटी तिच्या मामांनी चाळमालकाला हमी दिली तेव्हा मिळाली. चाळीतल्या बायका तिच्याशी बोलत. माझ्याशी बोलत नसत. पत्रक मात्र घेत, आणि मग ते मला त्यांच्या फळीवर डब्यांच्या खाली अंथरलेलं दिसे. समानतेचा हक्क, वर डाळीचा डबा. मैत्रीण म्हणे, "वाचत तरी असतील गं, डबा उचलताना." तिच्याइतकं कुणी मला हसवलं नाही. माझा बाप राजापुराकडे. मी सभांना जाते हे कळल्यापासून त्याचं पत्र येणं बंद झालेलं. तेव्हा माझं म्हणावं असं माणूस ती एकच.

तिचं लग्न ठरलं मुलुंडच्या एका मुलाशी. तोही सरकारी कारकून, पण दुसऱ्या खात्यात. पुरुष असल्यामुळे त्याला लग्न करायला काही अडचण नव्हती. हिच्या कचेरीत मात्र नियम होता: बाईनं लग्न केलं की नोकरी संपली. राजीनामा द्यायचा, नाही दिला तर काढणार. नियमाचं कारण विचारलं तर म्हणे, संसार आणि कचेरी दोन्हीकडे लक्ष राहत नाही. पुरुषाला संसार नसतोच बहुतेक.

त्या कचेरीतल्या बायकांनी यावर आपला उपाय काढला होता. लग्न करायचं आणि सांगायचं नाही. जुनंच नाव चालू ठेवायचं, मंगळसूत्र कचेरीच्या वाटेवर उतरवून रुमालात बांधायचं, कुंकू तसंही सगळ्याच लावतात. मैत्रिणीच्या विभागात अशा दोघी तरी होत्या. हेडक्लार्कला माहीत होतं, पण कागदावर काही नव्हतं म्हणून त्यालाही चालत होतं. मैत्रिणीचाही तोच बेत होता. सोमवार ते शुक्रवार माझ्याबरोबर खोलीत राहायचं, शनिवारी मुलुंडला जायचं, सोमवारी परत. कचेरीच्या वहीत पत्ता घाटकोपरचाच.

म्हणजे या बेतात ती माझ्याजवळ राहणार होती. आठवड्यातले पाच दिवस. हे मला तेव्हाही कळत होतं.

तरीही मी तिच्यावर तुटून पडले. "चोर आहेस का तू? स्वतःचं लग्न रुमालात बांधून फिरणार?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला काय जातंय बोलायला. तुझी नोकरी वेलांट्यांची आहे. वेलांट्या विचारत नाहीत लग्न झालं का."

"घटनेत कलम सोळा आहे. सरकारी नोकरीत स्त्री-पुरुष भेद करता येत नाही."

"हेडक्लार्कला सांग. तो घटना वाचत नाही, हजेरी वाचतो."

अशी वादावादी आठ-दहा दिवस चालली. आणि मग एका शनिवारी, वकिलांच्या पडवीत, नव्या अंकात मला तो निकाल सापडला.

दुसऱ्या प्रांताचं हायकोर्ट. सरकारी शाळेतली एक शिक्षिका, तिचं लग्न, तसाच नियम, तशीच नोकरी गेलेली. निकाल लांबलचक होता, सुरुवातीची पानं नियमांच्या तारखांनी भरलेली. मी पानं उलटत गेले आणि मधल्या एका पानावर 'कलम सोळा' हे शब्द दिसले तिथे थांबले. काय भाषा होती ती. लग्न हा गुन्हा आहे काय, की ज्याची शिक्षा नोकरीनं भोगावी? पुरुषाला जे केल्यानं बढती मिळते तेच स्त्रीनं केल्यानं तिला घरी का बसवावं? हा नियम समानतेच्या तत्त्वाला छेद देतो आणि म्हणून रद्दबातल आहे. पान संपेपर्यंत असंच चाललं होतं, एकेक वाक्य पत्रकासाठी घडवल्यासारखं. एकही परंतु नाही. मी ते सबंध पान शब्दन् शब्द उतरवलं. खालच्या कोपऱ्यात पोचले तेव्हा आत वकिलांच्या खोकण्याचा आवाज आला. मी अंक मिटून कपाटात ठेवला आणि जवळजवळ पळत बाहेर पडले.

त्या पत्रकाचं शीर्षक मी सर्वांत मोठ्या टायपात लावून घेतलं: 'लग्न केलं म्हणून नोकरी घेता येणार नाही – हायकोर्ट'. खाली त्या पानाचं मराठी. मालक म्हणाले, "हे चांगलं जमलंय बाई तुम्हाला." पुलावर ते पहिल्यांदाच लोकांनी परत येऊन मागून नेलं. एक परिचारिका चार प्रती घेऊन गेली. आज ती आठवली की अंगावर काटा येतो. तिनं त्या कुणाला दिल्या असतील?

मैत्रिणीनं पत्रक दोनदा वाचलं. मग घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

"नक्की ना गं?"

"छापलंय ना."

"छापलंयस तूच."

"निकाल मी नाही दिला. हायकोर्टानं दिलाय."

"मग देऊ अर्ज? उघड?"

"दे. आणि नवं नाव ठळक लिही."

ती हसली. "बघ हं पंडितबाई. तुझ्या भरवशावर चाललेय."

लग्न साधंच झालं, मुलुंडला, मुलाच्या घराच्या अंगणात मांडव घालून. मी घाटकोपराहून तिची ट्रंक घेऊन गेले. सोमवारी ती गळ्यात मंगळसूत्र घालून कचेरीत गेली आणि नाव बदलण्याचा अर्ज दिला, सोबत माझं पत्रक जोडून. त्या दोघी, रुमालवाल्या, तिच्याकडे बघत बसल्या म्हणे. एकीनं विचारलं, "खरंच चालतं आता?" ती म्हणाली, "चालतं. घटनेत आहे."

मी त्या आठवड्यात खोलीत एकटीच राहिले. लपायची गरज उरली नव्हती, तेव्हा ती रोज मुलुंडहूनच जाणार होती. सवयीनं दोन माणसांचा भात होत असे. पाण्याची बादली ती भरायची, ती मी भरू लागले. एकटं वाटत होतं, पण त्यात एक मस्ती होती. मी माझ्या तत्त्वापायी हे सोसतेय असं मला वाटत होतं.

पंधरा-वीस दिवसांनी ती संध्याकाळी दारात उभी राहिली. पर्समधून कागद काढून माझ्या हातात दिला. कचेरीचं उत्तर. तिची नोकरी लग्नाच्या दिवसापासून संपली होती. खाली एक ओळ जास्तीची होती: आपण जोडलेल्या पत्रकातील निकाल आम्ही पाहिला, तो आपल्या विरुद्ध आहे. सोबत पानाचा आकडा.

"खोटं बोलतायत," मी म्हटलं.

"बघ तू," ती म्हणाली. बसली नाही. चपलाही काढल्या नाहीत.

शनिवारपर्यंत मला धीर नव्हता. दुसऱ्या दिवशी छापखान्याच्या मधल्या सुट्टीत मी वकिलांकडे धावले. त्यांनी अंक काढला, चष्मा लावला.

"तू कुठून वाचलंस?"

मी बोट ठेवलं.

"इथे कोण बोलतंय?"

"न्यायाधीश."

"लिहितायत न्यायाधीश. बोलतोय अर्जदार बाईचा वकील." त्यांनी आधीचं पान उलटून दाखवलं. तळाशी एक ओळ होती, अर्जदारातर्फे असे प्रतिपादन करण्यात आले की. आणि मग ते सगळं. सबंध पान, पुन्हा कुठेही वकिलाचं नाव न घेता. मग त्यांनी पुढचं पान उलटलं, जे मी त्या शनिवारी उलटलं नव्हतं. तिथे पहिल्याच वाक्यात 'परंतु'च्या जातीचा शब्द होता. युक्तिवाद आकर्षक आहे खरा, तथापि तो आम्हांस मान्य करता येत नाही.

कारणही वाचा. घटनेनं केवळ स्त्री म्हणून भेद करायला मनाई केली आहे. या बाईला केवळ स्त्री म्हणून काढलेलं नाही, विवाहित स्त्री म्हणून काढलं आहे. अविवाहित स्त्रियांना सरकार ठेवतंच आहे, मग भेद स्त्रीत्वाचा कसा? असं हे गणित. विवाहित पुरुषांचं काय, हे न्यायाधीशांनी विचारलं नाही. एका शब्दाच्या फटीतून निम्म्या देशाला बाहेर काढता येतं, हे मला तिथे, त्या पडवीत, उभ्यानं वाचताना कळलं. त्या निकालावर मी आजही हजार शब्द लिहीन. लिहिलेही आहेत. पण त्या दुपारी माझ्या संतापाला जागाच नव्हती, कारण न्यायाधीश काहीही म्हणोत, ते काय म्हणाले हे मीच चुकीचं सांगितलं होतं.

वकील म्हणाले, "चांगला न्यायाधीश हरणाऱ्याची बाजू अशी मांडतो की हरणाऱ्याला वाटावं आपण जिंकलो. तुला हे मी सांगायला हवं होतं." मग अंक मिटत म्हणाले, "आणि समज, निकाल तू लिहिलास तसाच असता, तरी तो परक्या हायकोर्टाचा. इथल्या कोर्टावर तो बंधनकारक नाही. कचेरीवर तर नाहीच."

म्हणजे मी एकदा नव्हे, दोनदा चुकले होते.

पत्रक दुरुस्त करणं माझ्या हातात होतं. मंडळातले ते गृहस्थ पुलावर भेटले तेव्हा मी त्यांना सांगितलं. म्हणाले, "दुरुस्ती छापू नकोस. लोकांचा पत्रकांवरचा विश्वास उडतो. पुढच्या पत्रकात गुपचूप विषय बदल." मी म्हटलं, "हे तर कचेरीवाल्यांसारखं झालं. माहीत आहे, पण कागदावर नाही." ते रागावून गेले, पुन्हा बोलले नाहीत. मी दुरुस्ती छापली. तितक्याच मोठ्या टायपात: 'आम्ही चूक सांगितली'. मालकांनी मुद्रित वाचून विचारलं, "आम्ही म्हणजे कोण कोण हो?" मी 'आम्ही' खोडून 'मी' केलं. पुलावर तीन संध्याकाळी उभी राहिले. ज्यांनी पहिलं पत्रक नेलं त्यांतल्या कितींनी हे नेलं, सांगता येत नाही. ती परिचारिका दिसली नाही.

मैत्रिणीची नोकरी मात्र छापून परत येणारी नव्हती. एकच वाट होती, इथल्या हायकोर्टात अर्ज. वकील म्हणाले, बाजू लंगडी आहे, पण इथलं कोर्ट त्या निकालाला बांधलेलं नाही, तर ते निराळं मत देऊही शकेल. त्यांचा एक जुना शागीर्द हायकोर्टात उभा राहतो, तो फी घेणार नाही. मी त्यांच्यासमोर बसून मसुदा केला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला मजकूर असेल. परंतु, तथापि, सगळे शब्द आपापल्या जागी. फक्त तिची सही हवी होती.

रविवारी मी मुलुंडला गेले. तिच्या सासूबाई पडवीत तांदळाचं पीठ चाळत होत्या. मालवणकडच्या. "ये गो, बस," म्हणाल्या, "आसा ती आतमध्ये." मला घाबरल्यासारखं झालं होतं ते त्यांच्या सुरानं थोडं उतरलं. मैत्रीण बाहेर आली, आम्ही अंगणातल्या बाकावर बसलो. ती बारीक झाली होती. तिनं मसुदा सबंध वाचला, शेवटच्या पानापर्यंत. तिला अशी सवय आधीपासून होती, मला नव्हती.

"हे काय लिहिलंयस? अर्जदारानं नियमाची माहिती असूनही तत्त्वाच्या आग्रहास्तव विवाह उघड केला. कुणाचा आग्रह गं?"

मी ती ओळ पुन्हा वाचली.

"मी तर लपवणार होते. शपथेवर खोटं लिहू?"

"मग खरं लिहू या. मैत्रिणीनं चुकीचं सांगितलं म्हणून."

"ते वाचून कोर्ट हसेल." ती थोडी हसलीही. मग म्हणाली, "नाही करायची मला सही. भांडुपच्या एका कारखान्यात टायपिस्टची जागा आहे. ते लग्नाचं विचारत नाहीत. पण सरकारवर कोर्टात गेलेली बाई आहे असं कळलं तर घेतील का? यांच्याही खात्यात बोभाटा होईल."

"मग तो नियम तसाच राहणार. त्या दोघी आयुष्यभर रुमालात..."

"त्या दोघींची नोकरी आहे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "माझी गेली. आता तो नियम काढायचं कामही माझ्याच अंगावर टाकतेस?"

मी म्हटलं, "माझं चुकलं गं."

"माहीत आहे. छापलंयस की. इथपर्यंत आलं तुझं पत्रक, यांच्या मित्रानं आणून दिलं." सासूबाईंनी आतून चहा झाल्याचं सांगितलं. चहा घेतला. तिनं कोपऱ्यापर्यंत सोडलं, म्हणाली येत जा. नंतर ती कारखान्यात लागली असं मला तिच्या मामांकडून कळलं, तिच्याकडून नाही.

पुढच्या शनिवारी वकिलांनी विचारलं, "सही झाली?"

"नाही म्हणाली."

"बरोबर आहे तिचं."

मी विचारलं, "तिच्याऐवजी मला करता येईल का अर्ज? माझ्या नावानं? नियम घटनेविरुद्ध आहे हे कुणीही सांगितलं तरी खरंच असणार ना?"

"कुणीही येऊन चालत नाही. ज्याचं नुकसान झालं त्यानंच दार वाजवायचं. कोर्ट पहिला प्रश्न तोच विचारील. या नियमामुळे तुझं काय नुकसान झालं?"

माझ्याकडे उत्तर होतं. पण ते अर्जात लिहिण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "काही नाही," आणि मसुद्याची घडी घातली. ते जेवायला आत गेले. मी नवा अंक काढून पहिल्या पानापासून वाचायला बसले.